'वाटेत कोठेही थांबू नकोस': शिरवळ–सातारा रात्रीच्या मोटारप्रवासाचे एक प्रकरण

हे प्रकरण एका नोकरदार स्त्रीचे आहे. त्यांच्या संमतीने ते लिहीत असून ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रस्ता, वेळा आणि निर्णयांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी मोटार चालविण्याचे प्रशिक्षण देते आणि अपघातानंतर पुन्हा स्टिअरिंगवर बसताना बिचकणाऱ्या स्त्रियांबरोबरही काम करते. या ताई माझ्याकडे आल्या त्या 'माझी भीती घालवा' असे म्हणत. दोन-तीन भेटींत सगळी हकीकत ऐकल्यावर माझे असे मत झाले की, त्यांचा अपघात जितका भीतीमुळे झाला त्याहून अधिक त्यांनी मनापासून पाळलेल्या खबरदारीमुळे झाला. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

पार्श्वभूमी

ताई पस्तिशीच्या, राहायला साताऱ्यात. घरी पती, सासूबाई आणि शाळेत जाणारी एक मुलगी. नोकरी शिरवळ परिसरातील एका कंपनीच्या गोदामात, माल नोंदणी विभागात. घरापासून कामाचे ठिकाण सुमारे 60 किलोमीटर. पहिली काही वर्षे दिवसपाळी होती आणि त्या एसटीने ये-जा करीत. पुढे त्यांना बढती मिळाली आणि बढतीबरोबर महिन्यातून दोन आठवडे दुसरी पाळी आली, जी रात्री साडेदहाला सुटते. त्या वेळी शिरवळच्या फाट्यावर महामार्गाच्या कडेला एसटीची वाट पाहत उभे राहणे त्यांना नको वाटले, म्हणून घरची मोटार त्यांच्याकडे आली. गाडी चालवायला त्या लग्नाआधीच शिकल्या होत्या आणि हात चांगला होता.

हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग 48, म्हणजे जुना पुणे–बंगळूर महामार्ग. या प्रकरणाच्या काळात पुण्याहून साताऱ्याकडे येणारी वाहने खंबाटकी घाट चढून येत, तर साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी बोगद्यातून जात. म्हणजे कामावर जाताना, ताजेतवाने असताना, त्यांना बोगदा आणि रात्री दमल्यावर घाट. घाटात मालाने भरलेले ट्रक पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत असतात. घाट उतरल्यावर वेळे, सुरूर, जोशी विहीर, भुईंज, पाचवड, पुढे आनेवाडीचा टोलनाका आणि मग सातारा. ऊस गाळपाच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च, या पट्ट्यात ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या ट्रॉल्यांची रात्रभर वाहतूक चालू असते. काही ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि रिफ्लेक्टर असला तरी तो लोंबणाऱ्या उसाने झाकला जातो. साताऱ्याकडचा प्रत्येक वाहनचालक हे जाणतो; ताईही जाणत होत्या.

घरच्यांच्या सूचना

रात्रीची पाळी सुरू होताच घरातून आणि नात्यातून सूचनांचा ओघ सुरू झाला. सासूबाईंनी सांगितले, 'वाटेत कोठेही थांबू नकोस, कोणी हात केला तरी नाही.' दिरांनी मोबाईलवर फिरणारे संदेश पाठवले: काचेवर अंडी फेकली तर वायपर चालवायचा नाही, रस्त्यावर बाळ ठेवलेले दिसले तरी उतरायचे नाही. पतींनी मोबाईलवर थेट ठिकाण कळवणारी सोय चालू करून घेतली आणि दर वीस मिनिटांनी ते फोन करू लागले. एका मैत्रिणीने मिरपुडीचा फवारा दिला. काचांना काळी फिल्म लावण्याचीही चर्चा झाली. पहिल्या भेटीत मी ताईंना या सगळ्या सूचना कागदावर लिहायला सांगितल्या, तेव्हा त्या एकोणीस भरल्या. प्रत्येक सूचना मायेपोटी आलेली होती, यात मला शंका नाही.

या सूचनांचे पालन करता करता ताईंच्या काही सवयी पडल्या. वाटेत थांबायचे नाही म्हणून संध्याकाळी सहानंतर त्या पाणी पिणे टाळत. डबा पाळीच्या मध्यंतरात खाल्लेला असे. त्यानंतर घरी पोहोचेपर्यंत पोटात काही नसे. झोप आली तर काच खाली करता येत नसे, कारण काच खाली करायची नाही हीसुद्धा एक सूचना होती. त्या गाणी मोठ्याने लावीत आणि वेग वाढवीत, कारण जितक्या लवकर घर येईल तितके बरे. आणि सर्वांत गंभीर बाब म्हणजे त्या सीटबेल्ट लावत नसत. टोलनाका जवळ आला की लावायचा आणि पुढे गेल्यावर काढायचा. 'प्रसंग आलाच तर पटकन उतरून पळता आले पाहिजे', हे कारण त्यांनी मला अगदी सहज सांगितले.

या ठिकाणी थोडे थांबून एक आकडा नोंदवते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली, त्यांपैकी 15,224 महाराष्ट्रात. हा आकडा सांगून एकट्या स्त्रीची रात्रीची भीती खोटी ठरवावी असा माझा मुळीच हेतू नाही. ती भीती अनुभवातून आलेली असते आणि तिला आधार असतो. मात्र त्या एकोणीस सूचनांपैकी सतरा माणसांपासून होणाऱ्या धोक्याबद्दल होत्या, एक पेट्रोलबद्दल आणि एक चाकातील हवेबद्दल. झोप, वेग, सीटबेल्ट आणि दिवा नसलेली ट्रॉली यांबद्दल एकही नव्हती.

जानेवारीतील ती रात्र

त्या रात्री त्या पावणेअकराच्या सुमारास निघाल्या. पाळीत माल मोजण्याचा गोंधळ झाल्याने त्या नेहमीपेक्षा दमलेल्या होत्या. घाट चढताना दोन जांभया आल्याचे त्यांना आठवते. घाटात थोडा वेळ मोबाईलला रेंज नव्हती. रेंज येताच पतींचा फोन आला आणि 'ठिकाण का हलत नाही' यावरून दोघांत थोडी बोलाचाली झाली.

सुरूर ओलांडल्यावर मागून एक मोटारसायकल आली, तिच्यावर दोघे जण होते. त्यांनी दोन-तीनदा दिवा मारला, शेजारी आले, हाताने काहीतरी खुणावले आणि पुन्हा मागे राहिले. ताईंनी वेग वाढवला. मोटारसायकलही मागे येत राहिली. ताईंच्या आठवणीप्रमाणे काटा शंभरच्या पुढे होता आणि त्यांची नजर रस्त्यापेक्षा आरशात अधिक होती. जोशी विहिरीच्या पुढे समोर अचानक उसाची ट्रॉली दिसली. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढले, ट्रॉली चुकली, पण गाडी दुभाजकाच्या कठड्याला घासत जाऊन थांबली. पट्टा नसल्याने डोके उजव्या बाजूच्या काचेवर आपटले. पुढे कपाळाला दोन टाके पडले. मोटारसायकलवाले निघून गेले.

ते दोघे कोण होते आणि काय सांगत होते, हे आजतागायत कळलेले नाही. त्यांचा हेतू वाईट असेल किंवा गाडीचे मागचे दार नीट लागलेले नाही एवढेच ते सांगत असतील. मी ताईंना सुरुवातीलाच म्हटले की, हे कळले तरी त्या रात्रीच्या निर्णयाची बरी-वाईट बाजू बदलणार नाही, कारण निर्णय घेताना त्यांना हे ठाऊक असणे शक्य नव्हते.

गाडी थांबल्यावर त्यांनी पतींना फोन केला. पती साताऱ्याहून मित्राच्या गाडीने निघाले आणि सुमारे चाळीस मिनिटांनी पोहोचले. तोपर्यंत ताई महामार्गाच्या दुभाजकाला लागून उभ्या असलेल्या, दिवे बंद केलेल्या गाडीत दरवाजे लॉक करून बसून होत्या. दिवे त्यांनी कोणाचे लक्ष जाऊ नये म्हणून बंद केले होते. मागून भरधाव येणाऱ्या एखाद्या ट्रकच्या दृष्टीने त्या गाडीचे काय होते, याचा विचार मी आजही करते तेव्हा अंगावर काटा येतो. 112 हा आपत्कालीन क्रमांक किंवा राष्ट्रीय महामार्गाचा 1033 हा क्रमांक त्यांनी लावला नाही. दोन्ही त्यांना माहीत होते, पण 'पोलिसांना बोलावण्याइतके काही घडले आहे का' अशी शंका त्यांना वाटली.

विचारात घेतलेले पर्याय

घरातील पहिला सूर नोकरी सोडण्याचा होता. सासूबाईंनी तो स्वच्छ शब्दांत मांडला, पतींनी आडून. घराचे हप्ते ताईंच्या पगारातून जात होते, आणि बढतीही अनेक वर्षांनी मिळाली होती, त्यामुळे ताईंनी हा पर्याय नाकारला. बढती सोडून पुन्हा दिवसपाळी मागणे हा दुसरा पर्याय; त्याबद्दल त्यांनी दोन दिवस विचार केला. शिरवळमध्ये खोली घेऊन पाळीच्या आठवड्यात तेथेच राहणे हा तिसरा, पण मुलीच्या अभ्यासाचा प्रश्न होता.

चौथा पर्याय कंपनीने वाहन देण्याचा. हा पर्याय घरात कोणालाच सुचला नव्हता, याचे मला आश्चर्य वाटले नाही. आपल्याकडे बाईचा प्रवास ही घरच्यांची जबाबदारी मानली जाते. 'महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, 2017' यानुसार स्त्री कर्मचाऱ्याला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे असेल तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेबरोबरच घराच्या दारापर्यंतच्या वाहतुकीची सोयही करावी लागते. ताईंनी बढतीच्या वेळी संमतीपत्रावर सही केली होती, मात्र वाहतुकीऐवजी त्यांना पेट्रोलभत्ता मिळत होता आणि तोच नियम असावा असे त्या समजत होत्या.

पाचवा पर्याय स्वतःच गाडी चालवत राहण्याचा, पण खबरदारीची मांडणी बदलून. शेवटी चौथा आणि पाचवा हे दोन्ही धरायचे ठरले. कंपनीकडून उत्तर येईपर्यंत प्रवास थांबणार नव्हताच.

काय केले

एकोणीस सूचनांचा कागद आम्ही पुन्हा हाती घेतला आणि प्रत्येक सूचनेपुढे दोन गोष्टी लिहिल्या: ही कोणत्या धोक्यापासून वाचवते, आणि ही पाळल्याने दुसरा कोणता धोका वाढतो. काळ्या फिल्मचा प्रश्न लगेच मिटला. सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच काचांवरील काळ्या फिल्मला मनाई केली आहे, शिवाय रात्री अशा काचेतून बाजूचा आरसा धड दिसत नाही. मिरपुडीच्या फवाऱ्याबद्दल मी एवढेच सांगितले की, बंद गाडीत तो उडवला तर पहिला त्रास उडवणारीलाच होईल. त्यांनी तो पर्समध्ये ठेवला, उतरून चालताना उपयोगी पडेल म्हणून. दरवाजे लॉक ठेवण्याची सवय चांगली होती, ती कायम ठेवली.

सीटबेल्टवर मात्र बराच वेळ गेला. मी त्यांना उभ्या गाडीत बसवून पट्टा सोडून दार उघडून उतरायला सांगितले आणि घड्याळ लावले. पहिल्या वेळी चार सेकंद लागले, पाचव्या वेळी दोन. पट्टा नसताना उतरायलाही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो, हे त्यांनी स्वतः पाहिले. त्या दिवसापासून पट्ट्याबद्दल पुन्हा बोलावे लागले नाही.

मुख्य बदल 'थांबू नकोस' या वाक्यात होता. त्याऐवजी 'ठरलेल्या ठिकाणीच थांब' असे वाक्य आम्ही घेतले. दिवसा उजेडी, एका रविवारी, पतींना बरोबर घेऊन तो सगळा रस्ता आम्ही हळूहळू पाहिला आणि तीन थांबे निवडले. पहिला थांबा कंपनीच्या फाटकाच्या आतच: पाळी सुटल्यावर झोप जाणवत असेल तर तेथेच चहा घ्यायचा आणि गाडीत पंधरा-वीस मिनिटे डोळे मिटायचे. चहाचा परिणाम व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे जाग येताना तरतरी असते. दुसरा थांबा घाट उतरल्यावरचा, रात्रभर चालू राहणारा एक पेट्रोलपंप, जेथे स्वच्छतागृह आहे आणि कामगार जागे असतात. पंपावरच्या मंडळींशी ताईंनी आणि पतींनी ओळख करून घेतली. तिसरा थांबा आनेवाडीचा टोलनाका. भुईंजचे पोलीस ठाणे वाटेत कोठे लागते, हेही त्या दिवशी पाहून ठेवले. इतकी वर्षे या रस्त्याने जाऊनही ते तिघांपैकी कोणी नीट पाहिले नव्हते.

पाठलाग होतो आहे असे वाटले तर काय करायचे, हेही ठरवले. वेग वाढवायचा नाही. डाव्या मार्गिकेत यायचे, वेग हळूहळू साठपर्यंत आणायचा आणि मागच्याला पुढे जाण्याची संधी द्यायची. तो पुढे जात नसेल तर हात न लावता बोलता येईल अशा रीतीने 112 लावून रस्त्याकडेच्या दगडावरील किलोमीटरचा आकडा सांगायचा आणि पुढच्या ठरलेल्या थांब्यावर, माणसांत, हॉर्न वाजवत शिरायचे. साठ हा आकडा विचारपूर्वक ठरवला आहे. कोरड्या रस्त्यावर सावध चालकालाही शंभरच्या वेगातून थांबायला 80 मीटरहून अधिक अंतर लागते, साठच्या वेगातून सुमारे 40. आणि खाली केलेल्या हेडलाइटमध्ये समोरचे जेमतेम तेवढेच दिसते. शंभरच्या वेगात ती ट्रॉली दिसली तेव्हा थांबण्याची वेळ निघून गेली होती.

पतींच्या दर वीस मिनिटांच्या फोनचा विषय नाजूक होता. त्यांना काळजी वाटू नये असे सांगणे मला योग्य वाटले नाही. प्रश्न फक्त ती काळजी चालत्या गाडीत पोहोचण्याचा होता. निघताना ताईंनी एक संदेश पाठवायचा आणि पंपावर थांबल्यास दुसरा, असे ठरले. पुढची युक्ती पतींचीच. गाडी त्यांच्या नावावर असल्याने आनेवाडीला फास्टॅगमधून पैसे कापले गेले की त्यांच्याच मोबाईलवर संदेश येतो. तो आला की गाडी टोल ओलांडून आली हे ताईंना काही न विचारता कळते. बँकेचा संदेश कधी उशिरा येतो, हे लक्षात घेऊन निघाल्यापासून पावणेदोन तास होईपर्यंत फोन करायचा नाही, असे त्यांनी मान्य केले. पहिला आठवडा त्यांना जड गेला.

कंपनीला अर्ज करताना ताईंनी एकटीने न करता वाई, भुईंज आणि साताऱ्याकडे जाणाऱ्या आणखी तिघींना बरोबर घेतले. अर्जात कायद्याचा उल्लेख होता, अपघाताचा एका ओळीत, आणि तक्रारीचा सूर नव्हता.

परिणाम

दोन महिन्यांनी कंपनीने दुसऱ्या पाळीसाठी एक गाडी सुरू केली. ती वाईत शिरून येते, त्यामुळे साताऱ्याला पोहोचायला पाऊण तास अधिक लागतो आणि ताई घरी येतात तेव्हा जवळजवळ एक वाजलेला असतो. काही आठवड्यांनी त्यांनी पाचपैकी तीन दिवस कंपनीची गाडी आणि दोन दिवस स्वतःची, असे ठरवले. कायद्याने मिळालेली सोय पूर्ण का वापरत नाही, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, 'दोन दिवस तरी मुलगी जागी असताना घरी पोहोचते.' यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

मे महिन्यात नव्या मांडणीची परीक्षा झाली. रात्री घाट उतरून येताना मागचे डावे चाक बसले. अशा वेळी दोन सुरक्षितता एकमेकींच्या आड येतात. वाहतुकीच्या दृष्टीने महामार्गाच्या कडेला बंद गाडीत बसणे धोक्याचे असते. बाहेर पडून कठड्यापलीकडे उभे राहावे असे सांगितले जाते. एकट्या स्त्रीला मात्र रात्री अंधारात कठड्यापलीकडे उभे राहा असे मी सांगू शकत नाही. ताईंनी तिसरा मार्ग काढला. चारही इंडिकेटर चालू करून, अगदी डाव्या कडेने, चालण्याच्या गतीने त्यांनी बसलेल्या चाकावरच गाडी पुढे नेली आणि सहा-सातशे मीटरवरील पेट्रोलपंप गाठला. टायर आणि रिम दोन्ही गेले. पंपावरच्या कामगाराने स्टेपनी बसवून दिली, त्या घरी पोहोचल्या आणि पतींना ही गोष्ट सकाळी कळली. रिमच्या खर्चावरून पतींनी थोडी कुरकुर केली, पण माझ्या मते तो खर्च योग्य ठिकाणी झाला.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत महत्त्वाचा निर्णयबिंदू जानेवारीतील त्या रात्रीचा नव्हता; तो बढतीच्या वेळचा होता. संमतीपत्रावर सही करताना वाहतुकीच्या सोयीबद्दल विचारले असते, तर कदाचित पुढचे बरेच टळले असते. घरच्यांनी सूचना देण्याआधी एकदा तरी ताईंच्या शेजारी बसून रात्रीचा तो रस्ता पाहायला हवा होता. पतींनी तो प्रथम पाहिला तो अपघाताच्या रात्री.

अपघातानंतरच्या चाळीस मिनिटांबद्दल मी ताईंना दोष देत नाही, मात्र तेथे सर्वाधिक सुधारणा शक्य होती: चारही इंडिकेटर चालू ठेवणे, 112 लावणे आणि 'इतके काही घडले आहे का' हे ठरवण्याचे काम फोन उचलणाऱ्यांवर सोडणे.

माझ्या बाजूनेही एक चूक झाली. सुरुवातीच्या भेटींत मी सासूबाईंना बोलावले नाही. सूचनांचा कागद कापून छोटा केला हे त्यांना कळले तेव्हा सून आपले ऐकत नाही असे त्यांना वाटले आणि काही दिवस घरात अबोला राहिला. नंतर त्या एकदा ताईंबरोबर पंपापर्यंत येऊन गेल्या, कामगारांशी बोलल्या आणि निवळल्या. गाडी दारात येईपर्यंत त्या अजूनही झोपत नाहीत, आणि त्यांनी झोपावे असा आग्रह आता कोणी करीत नाही.

येत्या नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम पुन्हा सुरू होईल. त्या काळासाठी ताईंनी दोन गोष्टी आधीच ठरवल्या आहेत: सुरूर ते पाचवड या पट्ट्यात कोणत्याही कारणाने साठच्या वर जायचे नाही, आणि हंगामाच्या पहिल्या आठवड्यात स्वतःची गाडी न काढता कंपनीच्या गाडीतून जाऊन त्या वर्षी ट्रॉल्या कोठून महामार्गावर चढतात ते पाहून ठेवायचे.